गिनी पिगला काय खायला घालायचं? कोल्हापुरात नव्यानं पाळणाऱ्यांसाठी

चिमीला घरी आणलं तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "सशासारखंच खातंय ओ, काय त्रास नाही." आम्ही विश्वास ठेवला. सशाच्या खाद्याच्या गोळ्या, गाजराचे तुकडे, भिजवलेले हरभरे आणि सकाळच्या चपातीचा कोपरा, हा तिचा रोजचा खुराक. दोन महिने व्हायच्या आत ती पळायची थांबली. उचललं की कळवळून ओरडायची, मागचे पाय जपून टाकायची. लेकीला वाटलं, आपल्याच हातून पडली असणार, म्हणून ती दोन दिवस रडत होती. डॉक्टरांनी सांधे चाचपले, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "हिला सी जीवनसत्त्व कशातून मिळतंय?" आम्ही गप्प. चिमीला स्कर्व्ही, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या तुटवड्यानं होणारा आजार झाला होता.

ससा, कुत्रा, म्हैस ही जनावरं सी जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. गिनी पिगला ते जमत नाही. या बाबतीत तो आपल्यासारखा आहे, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. तुटवडा पडला की दोन-तीन आठवड्यांतच खुणा दिसायला लागतात. चिमी औषधानं आणि खाणं बदलल्यावर बरी झाली. आता तिच्या जोडीला भुरी आहे आणि दोघी धडधाकट आहेत. आम्ही जे दवाखान्यात शिकलो ते तुम्हाला घरबसल्या कळावं, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी हे सामान जमवा

- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा
- गवत अडकवायला जाळी किंवा टोपली
- पाण्याच्या दोन बाटल्या (एक तुंबली तर दुसरी हवी)
- उलटणार नाही अशी जड मातीची किंवा दगडी वाटी
- गवत साठवायला तागाचं किंवा सुती पोतं
- सुई नसलेली एक छोटी सिरिंज
- एक वही

पिंजरा घ्यायच्या आधी काटा घ्या असं मी सगळ्यांना सांगते. का, ते शेवटी कळेल.

१. सगळ्यात आधी वाळलेलं गवत, आणि ते कधीच संपू द्यायचं नाही

गिनी पिगच्या खाण्यातला चार पंचमांश भाग गवताचा असावा. भाजी, गोळ्या, फळ हे सगळं उरलेल्या एका हिश्श्यात बसवायचं. याला दोन कारणं आहेत. त्याच्या तोंडात वीस दात असतात आणि वीसच्या वीस जन्मभर वाढत राहतात. चरबरीत गवत तासन् तास चावल्यानंच ते झिजतात. मऊ खाण्यावर वाढवलेल्या जनावराचे दात वाढून जिभेवर कमान धरतात, मग भूक असूनही त्याला खाता येत नाही. दुसरं कारण पोटाचं. त्याच्या आतड्याला सतत काहीतरी पुढं ढकलायला लागतं. तंतू कमी पडले की आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि या प्राण्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत बाहेर यायची सोय नाही.

किती घालायचं? रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा. उरलं तर उरू दे. तुडवलेलं, ओलं झालेलं काढून टाका आणि नवं घाला.

परदेशात यासाठी टिमोथी नावाचं गवत वापरतात. ते आपल्याकडे पाकिटात मिळतं, ऑनलाइन मागवता येतं. पाकिटावर 'टिमोथी हे' असं लिहिलेलं दिसेल, त्यातलं 'हे' म्हणजे वाळवलेलं गवत. चांगलं असतं, पण महाग पडतं. आम्ही निम्मं ते आणि निम्मं इथलं वापरतो. इथलं घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण आपल्याकडची वैरण म्हशीच्या हिशेबानं कापलेली असते.

हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वाच, ही मला सगळ्यात भरवशाची वाटते. ओलीही चालते, वाळवलेलीही. तुरा यायच्या आधी कापायची, सावलीत पातळ पसरायची, दिवसातून एक-दोनदा हलवायची. तीन-चार दिवसांत हिरवट रंग राखून वाळते. मुठीत धरली की कुरकुरली पाहिजे आणि वास गोडसर आला पाहिजे. कुबट वास आला की ती गवताची मूठ फेकायची, तिथं काटकसर करू नका.

भाताचं पिंजर मुबलक मिळतं. ते खाली अंथरायला ठीक, पण त्यात पोषण फार थोडं, त्यावर जनावर जगवू नका. शाळूच्या कडब्याची वाळलेली पानं अधूनमधून कुरतडायला द्यायला हरकत नाही, जाड ताटं त्यांच्या कामाची नाहीत.

आता सगळ्यात मोठा सापळा सांगते. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूच्या डोंगरउतारावरचं वाळलेलं गवत पावसाळ्यानंतर स्वस्तात मिळतं, दिसायलाही सोनेरी, छान. त्यात कुसळी गवत असलं तर त्याची कुसळं तोंडात, घशात, डोळ्यांत रुततात. तुम्ही माळावरून चालून आलात की पायजम्याला जी कुसळं चिकटतात, तीच. पेंडी सोडून हातानं चाचपून बघा. एक जरी कुसळ टोचलं तरी पेंडी परत करा.

साठवण हा कोल्हापुरातला वेगळाच प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीच असते आणि बुरशी रातोरात धरते. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत गवत घामेजतं, म्हणून तागाचं पोतं घ्या. ते जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवा. पावसाळ्याआधी महिनाभराचा साठा करून ठेवा, हे मी कळकळीनं सांगतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. रस्ताच बंद झाला तर ऑनलाइन मागवलेलं पाकीट येणार कुठून?

२. ओली वैरण: काय तोडायचं, काय नाही

ताजं गवत त्यांना फार आवडतं. पिशवीचा आवाज आला की चिमी आणि भुरी शिट्ट्या मारायला लागतात. हरळी, मक्याची कोवळी पानं आणि कणसाची हिरवी सालं हे बिनधास्त. रंकाळ्यावर कणसं भाजणाऱ्यांकडे सालांचा ढीग पडलेला असतो. आम्ही फिरायला गेलो की एका मावशींकडून आतली स्वच्छ सालं मागून आणतो. त्या कधी नाही म्हणत नाहीत. फक्त त्याच दिवशीची घ्या, ढिगात तापलेली नकोत.

लसूणघास याबद्दल नीट वाचा. नावात लसूण असली तरी त्याचा आपल्या लसणाशी संबंध नाही. परदेशी पुस्तकांत अल्फाल्फा म्हणतात तेच हे. प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, त्यामुळे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू आणि गाभण किंवा पाजणारी मादी यांना चांगलं. मोठ्या जनावराला रोज घातलं तर लघवीच्या पिशवीत खडे होऊ शकतात. डेअरीवाल्या ओळखीच्यानं प्रेमानं पेंडी आणून दिली म्हणून ती रोज घालू नका.

या वैरणी टाळा:

- उसाचं वाडं. जिल्हाभर म्हशींना तेच घालतात, पण त्यात ऑक्झलेट (कॅल्शियमशी मिळून लघवीत खडे करणारं द्रव्य) असतं आणि पातीला धार असते.
- कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले ज्वारीचे फुटवे. त्यातून सायनाइड तयार होतं, मोठी जनावरंसुद्धा दगावतात.
- हत्ती घास रोजचं म्हणून नको, त्यातही ऑक्झलेट असतं. इतर गवतात थोडं मिसळलं तर चालतं.
- गाजर गवत आणि घाणेरी. ही दोन्ही विषारी. रस्त्याकडेला हरळी काढताना गाजर गवताची कोवळी रोपं नकळत मुठीत येतात.

रस्त्याकडेचं, फवारलेल्या उसाच्या बांधावरचं, कुत्री फिरतात तिथलं गवत घेऊ नका. गवत कापायच्या मशिनमधून निघालेला बागेतला चुरा तर नकोच. तो थोड्या वेळात आंबतो आणि पोट फुगवतो. आम्ही आता गच्चीवर दोन पसरट कुंड्यांत हरळी लावलीय. आठवड्याला दोन मुठी निघते, आणि ती कुठून आली याची काळजी राहत नाही.

३. भाजी आणि सी जीवनसत्त्व: हे रोज, चुकवायचं नाही

एक किलो वजनाच्या निरोगी गिनी पिगला दिवसाला साधारण १० ते ३० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागतं. आजारी किंवा गाभण असेल तर जास्त. हिरव्या ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये ते ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे २५-३० ग्रॅमची एक मोठी फोड दिली की त्या दिवसाची चिंता बरीचशी मिटली. गाजरात ते फारच कमी, उलट साखर जास्त. आम्ही चिमीला गाजरावर ठेवलं होतं, तिथंच चुकलो.

एका जनावराला दिवसाला एक कप भाजी पुरते. आमचा रोजचा कप असा भरतो: ढोबळी मिरचीची एक फोड (बिया आणि देठ काढून), कोथिंबिरीच्या चार-पाच काड्या, काकडीचे दोन काप आणि आज पुदिना तर उद्या लेट्यूसची हिरवी पानं. कपिलतीर्थ मार्केटला सकाळी लवकर गेलं की ताजी जुडी मिळते. कोथिंबिरीचे देठ आपण टाकतो, यांना तेच जास्त आवडतात.

आठवड्यातून एक-दोनदा, थोडंसं: मेथी, फ्लॉवरचा पाला, कोबीचं एखादं पान (गॅस होतो का ते बघत), गाजराचा काप, पिकलेल्या टोमॅटोची फोड. टोमॅटोचा पाला आणि हिरवा देठ मात्र विषारी, तो चुकूनही नको.

पेरूत ढोबळी मिरचीच्या दुपटीहून जास्त सी जीवनसत्त्व असतं, म्हणून लोक पेरू भरवत सुटतात. पण साखरही असते. बिया काढून अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा, आठवड्यात दोनदा, एवढंच. आवळ्यातही सी जीवनसत्त्व भरपूर, पण आमच्या दोघींनी वास घेऊन तोंड फिरवलं. तुमच्याकडच्यानं खाल्ला तर बारीक कीस द्या.

पालक, राजगिरा, चाकवत, चुका, अंबाडी या आपल्या आवडीच्या पालेभाज्यांत ऑक्झलेट जास्त असतं. महिन्यातून एखादं पान ठीक, रोज नको. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम फार, मोठ्या जनावराला मी तो देत नाही. अळू अजिबात नाही. आपल्या घशाला खाजवणारं त्याच्या घशाचं काय करेल, ते सांगायला नको.

भाजी वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवा, निथळू द्या, खोलीच्या तापमानाला आली की द्या. फ्रिजमधून काढून थेट घालू नका. दोन-तीन तासांत खाल्ली नाही तर उचला.

इथं बरेच जण फसतात: सी जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकणं. उजेडात आणि पाण्यात ते लवकर नासतं, किती पोटात गेलं ते कळत नाही, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणी पिणंच कमी करतं. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर सिरिंजनं थेट तोंडात, ओठाच्या बाजूनं, हळूहळू द्या.

४. गोळ्या: थोड्या, आणि गिनी पिगच्याच

दिवसाला एक ते दोन मोठे चमचे. वाटी भरून ठेवली तर ते गवत सोडून गोळ्याच खातं.

पाकिटावर गिनी पिगसाठी असं स्पष्ट लिहिलेलं आणि त्यात सी जीवनसत्त्व घातलेलं असलं पाहिजे. सशाच्या गोळ्यांत ते घालत नाहीत, कारण सशाला गरजच नसते. रंगीबेरंगी तुकडे, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे मिसळलेली पाकिटं घेऊ नका. जनावर गोड आणि तेलकट तेवढं वेचतं आणि बिया दातात, घशात अडकतात. बनवल्याची तारीख बघा. गोळ्यांतलं सी जीवनसत्त्व तीनेक महिन्यांत बरंच कमी होतं, म्हणून मोठं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका.

आमच्या शेजारच्या काकांनी मायेनं गोळीपेंड आणून दिली होती. त्यांच्या म्हशी त्यावर चांगल्या पोसल्यात. पण गोळीपेंड, सरकी पेंड ही रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी असते. काही पशुखाद्यात युरियाही घालतात. तो म्हशीच्या पोटातले जंतू पचवतात, गिनी पिगचं पोट तसं नाही. काकांना नीट समजावून सांगितलं, त्यांनी परत नेली.

५. पाणी

आपण पितो तेच पाणी, रोज बदलून. किलोला साधारण १०० मिलिलिटर धरा, उन्हाळ्यात जास्त. गिनी पिग बाटलीच्या नळीत चघळलेलं गवत ढकलतो आणि ती तुंबते. रोज सकाळी बोट लावून थेंब येतो का बघा. मीठाचे खडे, खनिजांच्या वड्या विकतात, त्यांची गरज नाही.

६. घरातल्या सगळ्यांना सांगायचं: आपलं खाणं त्याचं नाही

हे मला सगळ्यात अवघड गेलं. आपल्याकडे पाहुणा रिकाम्या पोटी जात नाही आणि जनावरालाही आपल्या ताटातला घास देण्यात माया असते. सासूबाईंनी चिमी अशक्त दिसली म्हणून वाटीत दूध आणलं होतं. पोरं भडंग खाता खाता चार दाणे जाळीतून टाकतात. यातलं काहीच त्यांना झेपत नाही.

दूध, दही, चपाती, भाकरी, भात, चुरमुरे, भडंग, बिस्किट, गूळ, ऊस, शेंगदाणे, हरभरे, राजमा, बटाटा, कांदा, लसूण, चॉकलेट, अंडं, मांस: एकही नको. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिठाचं आणि गोडाचं खाल्लं की आतड्यातल्या चांगल्या जंतूंचा तोल जातो आणि हगवण लागते.

नुसतं नको म्हटलं तर लोक दुखावतात, म्हणून आम्ही पिंजऱ्याशेजारी एका डब्यात कोथिंबिरीचे देठ आणि हरळी ठेवतो. ज्याला भरवायचंय त्यानं त्यातलं भरवावं. सासूबाई आता रोज दुपारी स्वतः देठ निवडून ठेवतात.

७. खाणं बदलताना घाई नको

तुम्ही विकत आणलेलं पिल्लू आधी काय खात होतं ते विचारून घ्या आणि पहिले काही दिवस तेही थोडं चालू ठेवा. नवी भाजी एका वेळी एकच, नखाएवढी. दुसऱ्या दिवशी लेंड्या घट्ट, एकसारख्या, लांबट असतील तर वाढवा. मऊ पडल्या तर ती भाजी थांबवून फक्त गवत आणि पाणी. जुन्या गोळ्यांत नव्या मिसळत आठ-दहा दिवसांत बदल करा. सी जीवनसत्त्वाचं मात्र थांबू नका, पिल्लू भाजी खायला शिकेपर्यंत थेंब द्यायचे का ते डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात विचारा.

एक गोष्ट बघून घाबरू नका. गिनी पिग मान खाली घालून स्वतःच्या मऊ लेंड्या खातो. त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. ते त्याचं नेहमीचं खाणं आहे, अडवू नका.

८. दर रविवारी वजन, आणि दवाखान्यात कधी पळायचं

काटा यासाठी. मोठं गिनी पिग साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम भरतं. हा प्राणी आजार लपवतो. गवत तोंडात धरून बसतो, आपल्याला वाटतं खातोय. काटा खोटं बोलत नाही. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर रोज वजन करा, १०० ग्रॅमच्या घरात उतरलं तर डॉक्टर. वहीत तारीख, वजन आणि त्या आठवड्यात काय नवं घातलं ते लिहा.

बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर सकाळची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. पोट टणक लागणं, लाळ गळणं, पातळ हगवण, लघवीत रक्त किंवा लघवी करताना ओरडणं, सांधे सुजणं, हिरड्यांतून रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तरी तसंच. लघवी वाळल्यावर थोडी पांढरी भुकटी दिसते ती चालते, बोटाला वाळूसारखी खरखरली तर दाखवा.

आपल्याकडचे बरेचसे दवाखाने गाय, म्हैस, कुत्र्यांचे. म्हणून जनावर ठणठणीत असतानाच दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा, "तुम्ही गिनी पिग बघता का?" उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे देताहेत का, हे प्रत्येक वेळी विचारा. कुत्र्याला चालणारं ते औषध गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यानं जीव जाऊ शकतो. घरात उरलेलं माणसांचं औषध तर कधीच देऊ नका.

जाताना वही, ताज्या लेंड्या एका डबीत, गोळ्यांचं पाकीट आणि मूठभर त्याचं रोजचं गवत घ्या. जोडी असेल तर दुसऱ्यालाही त्याच टोपलीत न्या. भुरी शेजारी असली की चिमी दवाखान्यातसुद्धा काडी तोंडात धरते, आणि तिनं काडी चावली की डॉक्टरांना तिचा जबडा नीट हलतोय का ते तिथंच दिसतं.